नांगराचा घेर

चार पाऊणे तीन, म्हणून चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला सहाला. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणून पुनवेला आणि अवसेला भर दुपारी, आणि मग साडेबारा तासांनी पुन्हा मध्यरात्री. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ हाती येते. पाव-अर्धा तास मागेपुढे होतो, कधी थोडा जास्तच. पण छापील कोष्टकं आणि मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या किनाऱ्यावरची माणसं याच हिशेबावर होड्या काढत आणि परत आणत आली आहेत. मुलुंडच्या शाळेत आम्हांला पाऊणकी घोकायला लावली होती. दुधाच्या आणि धान्याच्या हिशेबासाठी ती शिकवतात अशीच आमची समजूत होती. तिचा चंद्राशी संबंध आहे हे मला पुष्कळ वर्षांनी, अंधेरीच्या पश्चिम टोकाला, वेसाव्याच्या धक्क्यावर एका वयस्क तांडेलांनी सांगितलं. तेव्हापासून शाळेतल्या सगळ्या गणितात मला तो पाढा सर्वांत मोलाचा वाटत आला आहे.

आमचं उपनगर दोन पाण्यांच्या मध्ये आहे, हे लोकलच्या गर्दीत लक्षात राहत नाही. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांपलीकडे ठाण्याची खाडी. फ्लेमिंगोंमुळे ती आता नावारूपाला आली, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. पण तिथे होड्या थोड्या, लहान, आणि बऱ्याचशा चिखलात रोवलेल्या बांबूला बांधलेल्या. नांगरावर उभ्या असलेल्या मोठ्या बोटी बघायच्या तर पश्चिमेला जावं लागतं. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर ते वेसावे मेट्रो सुरू झाली आणि हे जाणं सोपं झालं. लोकलने घाटकोपर, मेट्रोने वेसावे, तिथून रिक्षाने धक्का. धक्क्यावर बर्फाचा भुगा, डिझेल आणि सुकत्या मासळीचा वास असतो, आणि समोर मालाडच्या खाडीचं रुंद मुख. पलीकडे मढ. मढला जाणारी फेरीबोट नांगरलेल्या बोटींमधून वाट काढत जाते. हा प्रवास काही मिनिटांचा; मी तो पुष्कळदा नुसता जाऊन परत येण्यासाठी करते.

भरती चढत असताना सगळ्या बोटींच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, समुद्राकडे असतात. पाणी समुद्राकडून आत येतं आणि नांगराचा दोर नाळेला बांधलेला असतो. बोट दोरामागे ओढली जाते आणि तोंड प्रवाहाकडे करून उभी राहते. ओहोटी लागली की पाणी ओशिवऱ्याकडून, मालाडकडून बाहेर वाहू लागतं, आणि तासाभरात सगळ्या बोटी एकेक करून वळतात. आता सगळ्यांची तोंडं शहराकडे. या दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ असा येतो की पाणी कुठेच जात नाही. त्या वेळी बोटींचं एकमत मोडतं. मोठ्या, खोल बसलेल्या बोटी जुन्या प्रवाहाची दिशा सोडत नाहीत, हलक्या होड्या वाऱ्याच्या कलाने फिरतात, कुणी आडवी, कुणी उलटी. दोर सैल पडून पाण्यात लोंबतात. नवखा खलाशी याच वेळेला गाफील राहतो, असं तांडेल म्हणाले. वाऱ्याने एक बोट आली आणि दुसरीच्या दोरावर बसली, तर पुढचा प्रवाह सुरू झाला की दोघींचे नांगर एकमेकांत अडकतात, आणि ते सोडवता सोडवता पूर्ण भरती हातची जाते.

नांगर बोटीला नुसत्या वजनाने धरून ठेवतो असं आपल्याला लांबून वाटतं. वजन लागतंच, पण धरण्याचं खरं काम त्याच्या नखांचं. दोर तळाला जवळजवळ समांतर राहिला तर ओढ आडवी बसते आणि जितकी ओढ वाढेल तितकी नखं चिखलात खोल जातात. दोर आखूड सोडला तर तीच ओढ वरच्या दिशेने लागते आणि नखं उपटून निघतात. म्हणून पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडायचा, वारा असेल तर सातपट. खोली मोजायची ती तळापासून बोटीच्या नाळेपर्यंत, पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नव्हे. नांगराजवळचे पहिले काही वाव साखळी असली तर उत्तम: साखळी आपल्या भाराने तळाशी पडून राहते, लाटेने बोट उचलली तरी आधी साखळी उचलली जाते आणि हिसका नांगरापर्यंत पोचत नाही. नायलॉनचा दोर ताणला जातो, तोही हिसका खातो. आधी काथ्याचे दोर होते. त्याही आधी, आणि त्यांच्याबरोबरही, दगडाचे नांगर होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी द्वारकेपासून सिंधुदुर्ग-विजयदुर्गापर्यंत असे दगड शोधून काढले आहेत. त्यांतला एक प्रकार लांब, चौकोनी छेदाचा: वरच्या टोकाला दोरासाठी एक गोल भोक आणि खाली लाकडी नखं घालण्यासाठी दोन चौकोनी भोकं. दगडाचा भार, लाकडाची पकड. लोखंड स्वस्त नव्हतं तेव्हा कुणीतरी खडकाच्या लांब तुकड्यात ही तीन भोकं पाडली, ती कुठे आणि किती अंतरावर पाडायची हे त्याला ठाऊक होतं. त्या अनामिक पाथरवटाबद्दल मला आदर वाटतो.

माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो. हिवाळ्यात चार मित्र मिळून ब्रिटिश व्हर्जिन बेटांत शिडाची नौका भाड्याने घेतात आणि बेटाबेटांतून फिरतात. बोट चालवायचं त्याने रीतसर शिकून घेतलं आहे. पहिल्यांदा तो तिथून फोनवर म्हणाला, "मावशी, इथे भरती गुडघ्याएवढीसुद्धा येत नाही," तेव्हा मला ते खरं वाटेना. पण खरंच आहे. कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत असतो. तिथे पाण्यापेक्षा वारा मोठा. पूर्वेकडून, ईशान्येकडून व्यापारी वारे महिनोन्‌महिने वाहत असतात, म्हणून प्रत्येक बेटाची पश्चिम बाजू ही आडोशाची बाजू. सेंट व्हिन्सेंटजवळच्या बेक्विया बेटाचा ॲडमिरल्टी बे पश्चिमेला आहे, म्हणूनच ते इतकं जुनं आणि लोकप्रिय बंदर झालं. अशा उपसागरात पन्नास नौका नांगरलेल्या असल्या तरी सकाळ-दुपार-रात्र सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे. सहा तासांनी वळणं नाही, पाऊणकी नाही.

आणि पाणी नितळ. नांगर टाकला की हा मुलगा चष्मा लावून पाण्यात उतरतो आणि पोहत जाऊन नांगर वाळूत नीट रुतला आहे की नाही ते डोळ्यांनी बघून येतो. तळाशी समुद्री गवत असेल तर नख वरच्या वर घसरतं, प्रवाळ असेल तर ते नांगराने मोडतं. शंभर वर्षांत वाढलेलं प्रवाळ एका साखळीने एका दुपारी जातं. म्हणून तिथल्या राष्ट्रीय उद्यान न्यासाने प्रवाळांच्या जागी कायमचे बोये बसवले आहेत. खाली तळात पक्का रोवलेला आधार, वर तरंगता बोया, त्याला दोर. येणाऱ्याने फक्त तो दोर उचलून नाळेला लावायचा. नॉर्मन आयलंडच्या मोठ्या उपसागरात असे बोये ओळीने आहेत आणि संध्याकाळ व्हायच्या आत ते भरून जातात. बोया असला की दोर आखूड चालतो, म्हणून थोड्या जागेत जास्त नौका मावतात.

तो मुंबईला आला तेव्हा मी त्याला वेसाव्याला नेलं. उधाणाचे दिवस होते. तांडेल धक्क्यावर जाळं शिवत बसले होते. मुलाने आपल्या नौकेच्या नांगराची हकीकत उत्साहाने सांगितली, फोटो दाखवले. तांडेलांनी फोटोतलं पाणी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पोरा, इथे तू डोळ्याने काय बघशील? इथे हातानेच बघायचं." ताणलेल्या दोरावर तळहात ठेवायचा. नांगर धरलेला असेल तर दोर सावकाश ताणतो, सावकाश सैल होतो. घसरत असेल तर दोराला थरथर येते, तळावरून नख ओरखडत जाताना बसणारे धक्के दोरातून वर येतात. आमच्या खाडीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत, पण तळाचा चिखल मात्र नांगराला फार चांगला. एकदा रुतला की इतका धरतो की पुष्कळदा काढायलाच बोटीचं इंजिन लावावं लागतं.

मग दोघांनी हिशेब केला, आणि तो हिशेब माझ्या डोक्यातून गेला नाही. ओहोटीला पाणी दोन मीटर आहे आणि नाळ पाण्यावर दीड मीटर, असं धरलं. एकूण साडेतीन. पाचपट म्हणजे साडेसतरा मीटर, साधारण दहा वाव दोर. कॅरिबियन उपसागरात ही गोष्ट इथेच संपते. आमच्याकडे उधाणाची भरती आणि ओहोटी यांच्यात पाच मीटरपर्यंत फरक पडतो. भरतीला साडेतीनचे साडेआठ मीटर होतात. साडेसतरा मीटरचा दोर आता दुपटीला जेमतेम पुरतो, ओढ वर लागते आणि नांगर निघतो. म्हणून दोर भरतीच्या हिशेबाने सोडायचा: साडेआठचे पाचपट, सुमारे त्रेचाळीस मीटर, तेवीस-चोवीस वाव. पण मग ओहोटीला हाच त्रेचाळीस मीटर दोर साडेतीन मीटर खोलीत पडलेला असतो. लांब दाव्याला बांधलेली गाय जशी खुंट्याभोवती चरते तशी बोट नांगराभोवती फिरते, आणि बोटीची स्वतःची पंधरा मीटर लांबी धरली तर तिचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर मीटरच्या वर जातो. एका बोटीला एवढी जागा! मुलगा समोरच्या खाडीकडे बघत राहिला. तिथे बोटी एकमेकींना जवळजवळ खेटून होत्या.

"मग हे कसं जमवता?" त्याने विचारलं.

जमवतात ते असं. काही बोटी दोन नांगरांवर उभ्या करतात, एक भरतीच्या दिशेला, एक ओहोटीच्या. मग बोट दोन्हींच्या मध्ये अडकते आणि फिरली तरी जागच्या जागी फिरते. काही बोटी एकमेकींच्या कुशीला बांधतात, मध्ये जुने टायर सोडतात आणि सगळा गट थोड्या नांगरांवर तोलतात. काही किनाऱ्याजवळ आणून ओहोटीला सरळ चिखलावर बसू देतात; मग त्या कलंडतात आणि पाणी आलं की पुन्हा उठतात. गाव माणसं ओळखतं, बोटी ओळखतं, कुणाची बोट कुठे उभी राहते हे ओळखतं, म्हणून हे चालतं. अनोळखी माणसाने इथे येऊन नांगर टाकला तर पहिल्या वळणालाच तो कुणाच्या तरी अंगावर जाईल.

बोटी अशा एकमेकींना बांधण्यात जो धोका असतो तो मराठी इतिहासाला चांगला माहीत आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या पायथ्याशी तुळाजी आंग्र्यांचं आरमार वाघोटनच्या खाडीच्या तोंडात उभं होतं. गुराबा, गलबतं जवळजवळ, दोरांनी एकमेकांना बांधलेली. ॲडमिरल वॉटसनच्या तोफांतला एक पेटता गोळा त्यांतल्या ‘रेस्टोरेशन’ या, पूर्वी आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच हिसकावलेल्या जहाजावर पडला. तिथून आग दोराने दोरावर, शिडाने शिडावर गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या उभं केलेलं ते आरमार एका दिवसात जळालं. पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली यावर आपण अडीचशे वर्षं वाद घालत आलो आहोत, तो घालायलाच हवा. पण मला त्या दिवसाचा विचार करताना त्या खाडीचं तोंड आणि तिथली गर्दी दिसते. त्या जहाजांना सुटं व्हायला, पाण्यात मागे सरायला जागा नव्हती. नांगर तोडून निघालं असतं तरी पुढे इंग्रज आणि मागे आपलीच पेटलेली जहाजं.

वादळात हेच घडतं, आगीशिवाय. २०१७ च्या ६ सप्टेंबरला इर्मा हे चक्रीवादळ ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरून गेलं. टॉर्टोला बेटावर पाराकिटा बे नावाचा खारफुटीने वेढलेला, जवळजवळ बंद असा जलाशय आहे. वादळात तिथे आत जायचं, खारफुटीच्या मुळांना दोर बांधायचे, हा तिकडचा जुना आणि शहाणपणाचा रिवाज. त्या वेळी तिथे शेकडो नौका दाटीने बांधल्या होत्या. वारा ताशी जवळजवळ तीनशे किलोमीटर. पहिले काही दोर तुटले, सुटलेल्या नौका शेजारणींवर गेल्या, त्यांचे दोर तुटले, आणि शेवटी एकावर एक रचलेल्या ढिगासारख्या नौका कडेला जाऊन पडल्या. खारफुटी टिकली असती, दोरही कदाचित टिकले असते. दाटी टिकली नाही.

आपल्याकडे १७ मे २०२१ चं तौक्ते. मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले. मासेमारीची बंदी १ जूनपासून सुरू होते, त्यामुळे बोटी अजून पाण्यातच होत्या. मुंबईच्या खाड्यांमध्ये आणि धक्क्यांवर होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. त्याच वेळी मुंबईपासून पश्चिमेला, हिरा तेलक्षेत्रात, २६१ माणसं राहत असलेला पी-३०५ हा तराफा उभा होता. त्याचे नांगर एकामागून एक निकामी झाले, तराफा वाहत गेला, धडकला आणि त्याच संध्याकाळी बुडाला. नौदलाने रात्रभर उसळत्या पाण्यातून माणसं काढली, तरी सत्तरहून अधिक जीव गेले. कुणाची चूक किती, हे चौकशीचं काम. नांगर सुटल्यावर माणसाच्या हातात किती थोडं उरतं, ते त्या रात्री सगळ्या मुंबईने टीव्हीवर बघितलं. दुसऱ्या दिवशी घाटकोपरच्या स्टेशनबाहेर दोन अनोळखी बायका त्यावरच बोलत होत्या. एकीचा शेजारी तेलक्षेत्रात कामाला होता.

खोल समुद्रात तर नांगर असून नसल्यासारखाच. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईत परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. ती छप्पन्न फुटी नौका गोव्यात, मांडवीतल्या दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन, एवढेच थांबे. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता गेले; जवळजवळ पाच महिने ती नौका कशालाही बांधलेली नव्हती. दक्षिण महासागरात तळ तीन-चार किलोमीटर खाली असतो. तिथे वादळात नौका आवरायची तर मागे दोराला शंकूसारखं किंवा छत्रीसारखं कापड पाण्यात सोडतात आणि पाण्याच्याच विरोधावर वेग कमी करतात. तळ मिळत नसेल तर पाणीच धरायचं, ही युक्ती मला विलक्षण वाटते. या प्रदक्षिणांचं कौतुक आपण केलं, अजून करायला हवं. पण प्रदक्षिणेला निघण्याची आणि पोचण्याची तारीख असते, सलामी असते. रोज रात्री शेकडो बोटी उपनगरांच्या खाड्यांमध्ये सहा-सहा तासांनी वळतात, कुणीतरी खलाशी बोटीवर झोपलेला असतो, दोराची लय बदलली की जागा होतो, त्याची नोंद कुठे नाही.

वेसावे, मढ, मनोरी, गोराई या गावांचा व्यवसायच मुळात तळाला धरून राहण्यावर उभा आहे. इथली डोल म्हणजे समुद्रात एका जागी रोवलेलं पिशवीसारखं जाळं. तळात खुंट, खुंटाला जाळ्याचं तोंड, तोंड प्रवाहाकडे. प्रवाह मासळी आत आणतो: बोंबील, जवळा, करंदी. पाणी थांबलं की जाळं उचलून मासळी काढायची, पाणी उलट वाहू लागलं की जाळ्याचं तोंडही उलटं. उधाणाला प्रवाह जोराचा म्हणून मासळी चांगली. भांगाच्या भरतीला पाणी सुस्त, तेव्हा जाळी घरी, दुरुस्ती, देणं-घेणं, लग्नाची बोलणी. कुणाचा खुंट कुठे हे गावानं ठरवलेलं, वडिलांकडून मुलाकडे आलेलं. अथांग दिसणाऱ्या पाण्यात तो खुंट सापडवायचा कसा? किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, दुसरीकडच्या दोन खुणा दुसऱ्या रेषेत. जिथे रेषा छेदतात तिथे आपला खुंट. टेकडी, देवळाचा कळस, चर्चचा मनोरा, मढचा किल्ला, एखादं उंच ताडाचं झाड. नांगर घसरतो आहे की नाही हेही असंच कळतं: दोन खुणांमधलं अंतर उघडलं की बोट चालली. आता जीपीएस आहे, आणि ते वापरतात, वापरायलाच हवं. भाच्याच्या नौकेवर तर बोट ठरलेल्या घेराबाहेर गेली की घंटा वाजते. पण अंधेरी ते दहिसर किनाऱ्याला समांतर जे टॉवर उठले त्यांनी मागच्या टेकड्या झाकल्या, ही गोष्ट मला तांडेलांकडून कळली. आम्ही त्या टॉवरांकडे बघून पुनर्विकासाचा आणि दर फुटाच्या भावाचा विचार करतो. त्यांच्या एका रेषेतली मागची खूण गेली.

आणि आता रेषेबरोबर जागाही आक्रसते आहे. खाडीतला गाळ काढा ही वेसाव्याच्या कोळ्यांची जुनी मागणी. गाळ साचला की ओहोटीला खोल पाण्याची नळी तेवढी उरते, आणि सगळ्या बोटी त्या नळीत गर्दी करतात. वर शहराचा कचरा खाडीत येतो. प्लास्टिक इंजिनाच्या पंख्यात अडकतं. वेसाव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी कचरा उपसला, २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली, आणि मला त्याचा अतिशय आनंद झाला. खाडीच्या आतलं काम त्याहून अवघड, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात तर बाहेर उभं राहताच येत नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी, बोटी खाडीत आत किंवा थेट जमिनीवर. क्रेनने उचलून ओळीने ठेवलेल्या, वरून ताडपत्री घातलेल्या. त्यांनाही जागा लागते, आणि ती जागा गावाच्या वाळूतच असते. त्या रिकाम्या दिसणाऱ्या वाळूकडे शहरातल्या माणसाने रिकामी म्हणून बघू नये, एवढं मला मनापासून वाटतं. नारळी पौर्णिमेला ती पुन्हा रिकामी होते, कारण तिच्यावरचं सगळं कामाला गेलेलं असतं.

शहराला वाहन उभं करणं समजतं ते असं: वाहनाच्या मापाचा चौकोन आखा, त्यात ते मावलं की झालं. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत अशा चौकोनांवरून सभा रंगतात. बोट चौकोनात मावत नाही. तिला वर्तुळ लागतं आणि त्या वर्तुळातला बहुतेक भाग बहुतेक वेळ मोकळा दिसतो. वरळीच्या कोळ्यांनी हे किनारी रस्त्याच्या वेळी वर्षानुवर्षं सांगितलं. त्या रस्त्याच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कागदावर ते बोटीच्या रुंदीच्या दसपट. पण खडकाळ तोंडातून आडव्या लाटांमध्ये येणारी बोट सरळ रेषेत येत नाही, ती वाहवत येते; दोन बोटी समोरासमोर आल्या तर काय, इंजिन खांबाशी येऊन बंद पडलं तर काय, हे त्यांनी विचारलं. आंदोलनं झाली, काम अडलं, पुष्कळांना तो हट्ट वाटला. शेवटी एक खांब वगळून ते अंतर १२० मीटर करावं लागलं. त्यांनी मागितलं होतं त्यापेक्षा ते कमीच.

आता पाळी उपनगरांची. वांद्रे-वेसावे सागरी सेतूचं काम चालू आहे, वेसाव्याहून भाईंदरकडे किनारी रस्ता जायचा आहे, मढला जोडणाऱ्या पुलाची योजना आहे. पुलाने मढच्या माणसाला रात्री-अपरात्री दवाखाना गाठता येईल. फेरी बंद झाल्यावर मार्व्याला वळसा घालून जाताना काय हाल होतात ते तिथल्या कुणालाही विचारावं. म्हणून मी पुलाच्या विरोधात नाही. तांडेलही नाहीत, त्यांची लेक मढला दिली आहे. त्यांचं म्हणणं इंजिनाबद्दल आहे. ओहोटीच्या जोरात बोट बाहेर निघाली आणि खांबांच्या अलीकडे इंजिन थांबलं, तर हातात एकच उपाय: नांगर टाकणं. नांगर टाकल्यावर तो लगेच धरत नाही. दोर पळतो, बोट मागे जाते, नख तळावर घासतं, मग रुततं, मग दोर ताणतो आणि मग कुठे बोट उभी राहते. उधाणाच्या ओहोटीत एवढ्यात ती तीस-चाळीस वाव सहज मागे गेलेली असते, आणि थांबल्यावरही ती आपल्या दोराच्या लांबीने डावी-उजवी झुलत राहते. त्या तीस-चाळीस वावांत खांब नसावा. पुलाच्या नकाशावर प्रत्येक खांबाचं वर्तुळ काढलेलं असतं. त्याच नकाशावर, त्याच मापाने, उधाणाच्या दिवशी नांगरावर झुलणाऱ्या एका बोटीचं वर्तुळ काढावं, आणि ते काढायला अभियंत्याच्या शेजारी वेसाव्याचा एक तांडेल बसावा. तिथी कुठली धरायची ते तोच सांगेल.